पगाराची तारीख कुणाच्या बापाची?

मास्तरचा पगार एक तारखेचा दहाला गेला, की लातूरला कचेरीपुढं निवेदन पडतं. ‘शालार्थ’ बंद पडलं, बिल अडकलं, घराचे हप्ते थकले, म्हणून पेपरात बातमी येते. बरोबरच आहे. पगार वेळेवर मिळालाच पाहिजे. माझा सवाल एवढाच, की हा मास्तर आणि त्याची नोकरदार बायको घराबाहेर पडताना ज्या बाईच्या मांडीवर आपलं लेकरू टाकून जातात, तिच्या पगाराची तारीख कोणती? औशात विचारा. लातूरच्या कॉलन्यांत जाऊन विचारा. बाई हसते. म्हणते, “तारीख कसली भाऊ, ते देतील तवा पगार.”

ते देतील तवा! आमचे बापजादे सालानं राहिले. सालगड्याचं साल पाडव्याला फिरायचं, उचल ठरायची, जोंधळं ठरायचं. लूटच होती ती, पण लुटीलाही एक तिथी होती. लेकरं सांभाळणाऱ्या बाईला तेवढीही नाही. तिनं लेकराच्या दुधाची वेळ चुकवायची नाही, औषधाची वेळ चुकवायची नाही, साडेआठला यायचं म्हणजे साडेआठलाच यायचं. औशाहून निघालेली एस.टी. वाटेत पंक्चर झाली तर तिनं बोलणी खायची. वेळ पाळायची ती फक्त तिनं.

आणि कारणं तरी किती! साहेब गावाला गेलेत. आमचाच पगार नाही झाला. सुट्टे नाहीत. सुट्ट्यांचं कारण तर आता मेलंच की. भाजीवाल्याच्या गाड्यावर पाटी लावलेली असते, फोन दाखवला की वीस रुपयांच्या मेथीचे पैसे जागच्या जागी जातात. मेथीला थांबता येत नाही, बाईला थांबता येतं. काही घरांत फोनवरून देतात, पण ते बाईच्या नवऱ्याच्या नंबरावर. का? तर तिच्याकडं साधा फोन आहे. अरे, २०२४ साली सरकारच्या पंधराशे रुपयांसाठी गल्लीतल्या बायांनी रांगा लावून आपल्या नावाची खाती आधारला जोडून घेतली. खातं आहे. विचारलं कुणी?

ह्याहून वाईट चाल म्हणजे मागचा महिना अडकवून ठेवणं. जूनचे पैसे जुलै संपल्यावर. बाई मधेच सोडून जाऊ नये म्हणून. म्हणजे जामीन तिचा, आणि तोही तिच्याच घामाचा. लेकरू मोठं होऊन शाळेत जायला लागलं की एक दिवस सांगतात, उद्यापासून येऊ नको. तो अडकलेला महिना मग ‘बघू, ये पुढच्या आठवड्यात’ मध्ये जिरतो. उन्हाळ्यात लेकरू मामाच्या गावाला गेलं की मे महिन्याचा पगार नाही. मामाच्या गावाला लेकरू गेलं, बाईचं पोट कुठं गेलं?

हिशेब मांडू. समजा महिन्याला ३,००० रुपये ठरले. रोजचे नऊ तास, महिन्याचे सव्वीस दिवस. तासाला तेरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. हा पगार ७ तारखेच्या ऐवजी २० तारखेला दिला. मधले तेरा दिवस किराणेवाला थांबत नाही, बचत गटाचा हप्ता थांबत नाही, खोलीचं भाडं थांबत नाही. बाई शेकडा दहानं पैसे उचलते. सावकार दिवस मोजत नसतो, महिना लागला की महिना. गेले तीनशे. म्हणजे मालकानं तेरा दिवस तिचा पैसा फुकट वापरला आणि व्याज भरलं तिनं. याला उशीर म्हणायचं? मी तरी चोरीच म्हणतो.

माझ्या मायनं हे काम केलं. एका घरात चार वर्षं. त्या पोराला पहिला घास तिनं भरवला, पहिलं पाऊल तिच्या बोटाला धरून पडलं. ते पोरगं तिच्या हातचं खायचं, पण तिच्या चहाची कपबशी न्हाणीच्या खिडकीत वेगळी असायची. मांडी चालते, कप चालत नाही! पगाराला उशीर झाला, की मालकीण संध्याकाळी उरलेल्या पोळ्या बांधून द्यायची, आणि महिन्याअखेर हिशेबात ‘एवढं तर खायला नेतेस की’ म्हणून ऐकवायची. पोळ्यांचा पगार झाला. हे बलुतंच की! फक्त पसा जाऊन पॉलिथिनची पिशवी आली. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणं सोडा म्हणून बजावलं. आम्ही सोडलं म्हणतो. आमच्या बायांच्या पदरात अजून ते पडतंय, आणि तेही पगाराच्या जागी.

आता कायद्याकडं बघा. १९३६ सालच्या पगाराच्या कायद्यानं सांगितलं, हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथं महिना संपल्यावर सात तारखेच्या आत पगार दिला पाहिजे. नव्या वेतन संहितेनंही सात तारीखच धरली. कामावरून काढलं किंवा सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा, असंही तिच्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या, मोठ्या जाहिराती झाल्या. पण संहितेची भाषा आस्थापनेची. मास्तरचं घर आस्थापना आहे का, हे साफ लिहायचं कुणाच्या जिवावर आलंय? औद्योगिक संबंध संहितेत तर उद्योगाच्या व्याख्येतून घरकाम नाव घेऊन वगळलंय. घर हे पवित्र असतं म्हणे! तिथं कामगार नसतो, ‘घरच्यासारखी बाई’ असते. घरच्यासारखी म्हटलं की पगार मागायला लाज वाटावी अशी सोय झाली.

महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी, मदत, पंचावन्न वर्षं झाली की सन्मानधन. सन्मान पंचावन्नाव्या वर्षी, आणि पंचविसाव्या वर्षीच्या पगाराला तारीख नाही! २०११ साली जिनिव्हाला कामगार संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार झाला. घरकामगाराला पगार ठरल्या वेळी, निदान महिन्यातून एकदा, थेट तिलाच मिळाला पाहिजे, असं त्यात लिहिलंय. भारतानं बाजूनं मत दिलं आणि घरी येऊन मान्यता द्यायचं विसरला. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला समिती नेमून घरकामगारांच्या कायद्याचा विचार करा म्हणून सांगितलं.

तिकडं ब्राझीलमध्ये घरकाम करणाऱ्या बहुतेक काळ्या बाया, गुलामांच्या लेकीनाती. तिथं २०१३ साली राज्यघटनेत दुरुस्ती झाली, २०१५ साली कायदा आला आणि त्यात लिहिलं, घरकामगाराचा पगार सात तारखेपर्यंत. घर पवित्र वगैरे तिथंही होतंच की. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्टी, दिवाळीचा बोनस या गोष्टी दयेनं आल्या नाहीत. धुणंभांडी बंद पडल्यावर आल्या.

सवर्णाच्या घराबद्दल लिहिणं सोपं आहे. टाळ्याही पडतात. पण दोस्तांनो, आता आपल्या कॉलनीत चला. दारावर पंचशील ध्वज, भिंतीवर बाबासाहेब, नवराबायको दोघं नोकरीत. लेकराला सांभाळायला आपल्याच वाड्यातली विधवा मावशी. तिला मावशी म्हणायचं, जयभीम घालायचा आणि पगार पंधरवडाभर लोंबकळत ठेवायचा. का? तर आपलीच आहे, कुठं जाते! व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खातं सांभाळताना बाबासाहेब कामाच्या तासांसाठी, खाणीतल्या बाळंतिणींसाठी भांडले. घटनेच्या २३ व्या कलमात वेठबिगारीला बंदी आहे. त्या घटनेची प्रत शोकेसमध्ये ठेवून मावशीचा महिना अडकवणारा हा आपला साहेब मला पाटलापेक्षा जास्त खुपतो. पाटलानं निदान कधी समतेवर भाषण दिलं नव्हतं.

काही पोरं म्हणतील, ह्या किरकोळ गोष्टी आहेत, आधी मोठा लढा. ज्या घरात वीस तारखेपर्यंत तेल नसतं, तिथं जाऊन किरकोळ म्हणून दाखवा.

काम सांगतो. दूधवाल्याचं कार्ड भिंतीला टांगलेलं असतं, कुठल्या दिवशी किती लिटर. तशी वही बाईची करायची, दोन प्रतींत. ठरलेली रक्कम, पगाराची सात तारीख, महिन्याच्या किती भरपगारी सुट्ट्या, लेकरू गावाला गेलं तर पगार चालू, काम बंद करायचं तर एक महिना आधी सांगायचं. खाली दोघांची सही, तिला येत नसेल तर अंगठा. पैसे तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात, नवऱ्याच्या नाही. आठ तारखेला आपण वाड्यावर फिरायचं, वही बघायची. कोरी असेल तिथं दोघा-तिघांनी मालकाच्या दारात जायचं, बाईला एकटीला धाडायचं नाही, तिचं काम जाईल. सही करायला जो नको म्हणेल त्याचं नाव लिहून ठेवा. आणि तो जर जयंती कमिटीत असला, तर एप्रिलात त्याच्या हातून वर्गणीची पावती घेण्याआधी चारचौघांत विचारा, मावशीचा मार्चचा पगार दिला का?