शुद्ध म्हणजे निर्जंतुक नव्हे

"रोज धुते की ताई, बघा." वस्तीतल्या एका आईने नेब्युलायझरची वाटी आमच्यापुढे धरली. नळाखाली विसळलेली, पदराने पुसलेली, डब्यात झाकून ठेवलेली, दिसायला लख्ख. तिच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे. हे कळायच्या आधी त्याने कित्येक महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. थुंकीत स्यूडोमोनास सापडला तेव्हा दवाखान्यात तिला ऐकवलं गेलं, "स्वच्छता पाळत नाही तुम्ही लोक."

तुम्ही लोक! मशीन देताना तिला दोनच शब्द सांगितले होते, "स्वच्छ ठेवा." माहितीपत्रक इंग्रजीत. आता दोष कुणाचा?

मित्रांनो, या देशात 'स्वच्छ' आणि 'शुद्ध' हे शब्द कधीच साधे नव्हते. 1927 साली महाडला बाबासाहेबांसोबत आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तेव्हा सनातन्यांनी 108 घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं आणि तळं 'शुद्ध' केलं. शेणाने शुद्ध होतं ते पाणी आणि माणसाच्या ओंजळीने बाटतं ते पाणी! ही शुद्धी जंतूंना मारत नाही, माणसांना मारते. जंतूला ओलावा पुरतो.

या आजारात फुफ्फुसातला कफ चिकट होतो आणि जंतू त्यात ठाण मांडतात. स्यूडोमोनास नळाच्या तोंडाशी, मोरीत, ओल्या वाटीतही राहतो. पुढच्या वेळी औषधाच्या फवाऱ्याबरोबर तो थेट छातीत जातो. म्हणून वाफ घेऊन झाली की दर वेळी वाटी, मास्क, माउथपीस सुटे करून साबणाच्या पाण्याने धुवायचे. मग, ते उकळता येतात असं कंपनीने लिहिलं असेल तर, 5 मिनिटं खळखळ उकळायचे. नंतर नळाखाली धरायचे नाहीत, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. स्वच्छ कपड्यावर वाऱ्याने पूर्ण सुकू द्यायचे. पदराने पुसायचे नाहीत. व्हिनेगर भरवशाचं नाही. नळी आणि मशीन पाण्यात घालायचं नाही.

त्या आईला हे कुणी सांगितलं असतं तर तिने केलं नसतं? आम्ही एकदा दाखवलं, दुसऱ्या दिवशी पातेलं चुलीवर होतं.

आपल्यातलेही काही म्हणतात, हा गोऱ्यांचा आजार, चळवळीने यात कशाला पडायचं? डॉक्टरही वर्षानुवर्षं असंच म्हणत आले, म्हणून आपल्या पोरांचं निदान उशिरा होतं. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं की आजार होतो. ते जनुक 1989 मध्येच सापडलं, पण त्याला जात नाही, रंगही नाही. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचं नाव आहे. पण त्या धोरणात उकळायचं पातेलं येत नाही, दिवसातून तीनदा गॅस पेटवायचा खर्चही येत नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. मशीनसोबत मराठीत चित्रांचं एक पान द्या, वाटीचा दुसरा जोड द्या म्हणजे एक सुकत असताना दुसरा वापरता येईल, आणि घरी पाठवण्याआधी आईच्या हातून एकदा सगळं करून घ्या. पुढच्या महिन्यात आम्ही हेच निवेदन घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाणार आहोत. ज्यांना यायचं आहे त्यांनी कळवावं.

जय भीम.