मैदानाची किल्ली कुणाच्या खिशात?

साधारण २००१ सालची गोष्ट. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात काही पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. सरांनी त्यांना फुटबॉल दिला, मग झोपडपट्ट्यांमधल्या संघांची स्पर्धाच भरवली. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २०१६ मध्ये तिला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. त्यात सरांच्या भूमिकेत अमिताभ बच्चन.

ही गोष्ट सगळीकडे एका दयाळू सरांची म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. बारसे सरांचं मोठेपण कमी करायचं नाही, पण दया तर वस्तीत शेजारणीकडेही असते. सरांकडे आणखी काही होतं. कायम नोकरी होती, स्पर्धा कशी भरवतात याचं ज्ञान होतं, आणि मैदान मागायला गेल्यावर समोरचा ऐकून घेईल असा हुद्दा होता. हे सगळं त्यांनी कॉलेजच्या भिंतीबाहेरच्या पोरांसाठी वापरलं. असे क्रीडाशिक्षक किती असतात?

मी शिकलो त्या कॉलेजचं मैदान संध्याकाळी कुलपात असायचं. भिंतीपलीकडे आमची वस्ती. माझ्याकडे ओळखपत्र होतं म्हणून वॉचमन मला आत सोडायचा. माझ्याहून दुप्पट चांगला खेळणारा माझा चुलतभाऊ बाहेर उभा राहायचा. दहावीनंतर तो कामाला लागला होता. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळायचं तर कॉलेजात नाव लागतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे ज्याचं शिक्षण सुटलं, त्याच्या खेळाचा कागद होणंही अवघड.

‘स्लम सॉकर’ची पोरं होमलेस वर्ल्ड कपला जातात. तिथे नियम असा, की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. मग परत आल्यावर काय? नागपूरचा अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओला भारताचा कर्णधार होता. तो पुढे स्वतः प्रशिक्षक झाला. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. सिनेमा सरांवर होतो, शिष्य प्रशिक्षक झाला ही बातमी दोन ओळींत संपते.

आता आपल्याबद्दल. आपल्यातले पहिल्या पिढीचे पदवीधर बी.एड. करतात, बँकेच्या परीक्षा देतात, एमपीएससीला बसतात. एम.पी.एड. आणि नेट-सेट करून कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं म्हटलं, की घरून विचारणा होते, ‘खेळून पोट भरतं का?’ घरच्यांचं चुकत नाही. त्यांनी खेळून पोट भरलेला माणूस पाहिलेलाच नसतो. शिवाय हे पद कॉलेजात बहुधा एकच असतं. संवर्गात पद एकच असेल तर त्याला आरक्षण लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ मध्ये चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या प्रकरणात ठरवलं. तेव्हा जाहिरात वाचताना पद ‘एकाकी’ दाखवलं आहे का, कोणत्या संवर्गात धरलं आहे, हे बघा. शंका आली तर माहिती अधिकारात रोस्टर मागा.

माझा चुलतभाऊ आता चाळिशीचा आहे. रविवारी सकाळी रेल्वे लाईनजवळच्या मोकळ्या जागेत तो वीस-पंचवीस पोरांना शिकवतो. पोरं त्याला सर म्हणतात. पावसाळ्यात तिथे चिखल होतो आणि महिना-दोन महिने खेळ बंद पडतो. कॉलेजचं मैदान तिथून पाच मिनिटांवर आहे.