जहाजांतून आलेले चित्ते

ता. 17 सप्टेंबर 2022 रोजीं नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्यप्रदेशांतील कुनोच्या अरण्यांत सोडण्यांत आले, तेव्हां जणू आफ्रिकेंतील चित्त्याचा पाय या भूमीस प्रथमच लागला असा घोष झाला. रानांत सोडण्याचा प्रकार नवा, हें मान्य. परंतु आफ्रिकेंतील चित्ता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच जहाजांतून येऊन कोल्हापूर दरबारच्या पदरीं राहिला होता. यावर आमचे अभिमानी मित्र म्हणतील, 'पाहा करवीरचें वैभव!' आमचा वाद या वैभवाशींच आहे.

चित्ते परमुलखांतून कां आणावे लागले? काळविटाच्या शिकारीसाठीं चित्ता शिकवीत. पण दरबारी बंधनांत तो वीत नसे. जहांगीर बादशहाच्या वेळचा एक अपवाद काय तो सांगतात. म्हणजे प्रत्येक शिकारी चित्ता रानांतूनच धरावयाचा. शतकानुशतकें चाललेली ही धरपकड, तिजवर बंदूक, आणि माळरानांवर फिरलेला नांगर! देशी चित्ता दुर्मिळ झाला, तेव्हांच संस्थानिकांनीं थांबावयाचें. पण बंदरांत जहाज उभें होतें ना! दारीं पखाल घेऊन भिस्ती येत असतां आटलेल्या विहिरीचा गाळ कोण उपसतो? 1947 सालीं कोरियाच्या राजानें तीन चित्ते टिपले. तेच शेवटचे मानतात. 1952 सालीं येथील जात नामशेष ठरली. चित्तेवानांच्या कसबास आमचा मुजरा आहे. तें त्यांच्या धन्यांच्या खात्यावर मात्र आम्ही जमा करणार नाहीं.

ही खोड जुनीच. तेराव्या शतकांत आखातांतून घोडे येत. ठाण्याचा राजा चाच्यांस मोकळीक देई व लुटींतील घोडे तेवढे स्वतः घेई, असें मार्को पोलो लिहितो. पांड्य राजे तर दरवर्षीं हजारों घोडे विकत घेत, आणि जाणत्या निगेवांचून बहुतेक मरूं देत. पुढील मोसमीं नवीं जहाजें येतच! पैदास आणि नालबंदी शिकण्याची मग गरज ती काय?

आज जहाजाच्या जागीं विमान आहे. फेब्रुवारी 2023 मध्यें दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा चित्ते उतरले. त्याच वर्षीं मार्चमध्यें कुनोंत एका मादीस चार पिलें झालीं. तीन उन्हाळ्यांत गेलीं, एक मादी जगली. वर्तमानपत्रांनीं विमानांचीं छायाचित्रें ठळक छापलीं. आम्हांस त्या एका पिलाची बातमी अधिक मोलाची वाटली.