गर्भिणीचें रक्त आणि बाळंतिणीची बाज

पहिलटकरीण लेक माहेरीं येते, रक्त तपासल्याचा कागद हातीं येतो, आणि त्यावरील आंकडे वाचून सारें घर चिंतेंत पडतें. ‘रक्त उतरलें, पांढऱ्या पेशी वाढल्या, आतां काय करावें?’ असें आमच्या वाचकभगिनी वरचेवर विचारतात. त्यांस आमचें पहिलें सांगणें हें कीं, गर्भिणीचें रक्त एरवींच्या मापानें मोजूं नये.

गर्भारपणांत रक्तांतील द्रवभाग सुमारें ४० ते ५० टक्क्यांनीं वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण २० ते ३० टक्क्यांनींच. डाळ थोडी आणि पाणी फार वाढविलें म्हणजे वरण पातळ होतें, तसाच हा प्रकार. यास्तव हिमोग्लोबिन कांहींसें उतरणें स्वाभाविक होय. मात्र पहिल्या व शेवटच्या तिमाहींत तें ११ ग्रॅमच्या आणि मधल्या तिमाहींत १०.५ च्या खालीं गेल्यास ‘असें व्हावयाचेंच’ म्हणून स्वस्थ बसूं नये. तो पांडुरोग समजून डॉक्टरांकडून उपचार करवावे. पांढऱ्या पेशी पंधरा हजारांपर्यंत चढल्या तरी, ताप वगैरे नसल्यास, त्यांत सहसा भय नसतें. प्लेटलेट नांवाच्या कणिकाही किंचित् घटतात; पण त्या एक लाखाखालीं गेल्यास कारण शोधलेंच पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट रक्त गोठण्याची. दिवस भरले म्हणजे गर्भाशयाकडे दर मिनिटास अर्ध्या लिटराहून अधिक रक्त वाहतें. वार सुटल्यावर हा ओघ आंवरला नाहीं, तर माता हातची जाईल. म्हणून गर्भाशय आवळला जातो, आणि रक्तही आधींपासूनच गोठण्यास सज्ज असतें. गुठळी बांधणारें फायब्रिनोजेन एरवीं १०० मिलिलिटर रक्तद्रवांत २०० ते ४०० मिलिग्रॅम असतें, तें अखेरीस ४०० ते ६०० होतें.

परंतु ही सज्जता प्रसूति होतांच ओसरत नाहीं. पुढील सहा आठवडे पायाच्या शिरेंत गुठळी होण्याचें भय विशेष असतें. आणि नेमकें तेव्हांच आपण बाळंतिणीस बाजेवर खिळवून ठेवतों, पाणीही बेतानें देतों! आमच्या आप्तांतील एका सुनेचा डावा पाय दहाव्या दिवशीं सुजला. वात समजून दोन दिवस तेल चोळलें. तिसऱ्या दिवशीं तिला दम लागला, तेव्हां कोठें धांवाधांव झाली. गुठळी फुप्फुसांत गेली होती. ती वांचली, हें तिचें दैव.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण डॉक्टरांची ना नसेल तर बाळंतिणीस लवकरांत लवकर उठवून घरांत चार पावलें चालूं द्यावें, आणि तहानेला पुरेसें पाणी द्यावें. एकच पाय सुजला वा दुखूं लागला तर तो मुळींच न चोळतां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावा. दम लागला वा छातींत कळ आली तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. घरांतील वडील बायकांनीं एवढें ध्यानीं धरावें, अशी आमची विनंति आहे.