पणजोबापर्यंतचे नाते

परदेशी स्थायिक झालेल्या भारतवंशीयांशी देशाने कितव्या पिढीपर्यंत नाते ठेवायचे, हे अलीकडे दौऱ्यादौऱ्यांत ठरू लागले आहे. २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सुरीनामला गेल्या, तेव्हा तिथल्या भारतवंशीयांसाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाची मर्यादा चौथ्या पिढीवरून सहाव्या पिढीपर्यंत वाढली. पुढच्या वर्षी मॉरिशसच्या वाट्याला सातवी पिढी आली. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधानांनी त्रिनिदादमध्ये सहावी पिढी जाहीर केली. निर्णय चांगलेच आहेत. पण नागरिकत्व कायद्यात आजही मूळ भारतीयाची मुले, नातवंडे आणि पणतवंडे एवढाच उल्लेख आहे. उरलेले सगळे यजमान देश कोणता आणि दौरा कधी, यावर.

सुरतेला ही रीत खटकायला हवी. कायद्याऐवजी मेहेरबानीवर विसंबलेल्या माणसाचे काय होते, याचा अनुभव या जिल्ह्याइतका फार थोड्यांनी घेतला असेल. खोलवड, कठोर, लाजपोर या गावांतले व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत गेले ते स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून, गिरमिटावर नव्हे. खिशात सनद एकच: आपण राणीचे प्रजाजन. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने भारतीय प्रजेला इतर प्रजेच्या बरोबरीने वागवण्याची ग्वाही दिली होती, आणि १८८४ च्या लंडन कराराने ट्रान्सवालमध्ये बाहेरून येणाऱ्यांना राहण्याची व व्यापाराची मोकळीक होती. लगेच पुढच्या वर्षी, १८८५ मध्ये, ट्रान्सवालने तिसऱ्या क्रमांकाचा कायदा केला. आशियाईंना तिथले नागरिकत्व नाही, जमीन घ्यायची तर नेमून दिलेल्या वस्तीतच, आणि नोंदणीची फी आधी २५ पौंड, मग ३ पौंड. इंग्रज मंत्री या अन्यायाबद्दल भरपूर संतापले. १८९९ मध्ये ट्रान्सवालच्या बोअरांशी युद्ध पेटले तेव्हा भारतीयांची दुर्दशा हेही एक कारण म्हणून सांगितले गेले. युद्ध जिंकले, ट्रान्सवाल इंग्रजांचे झाले, कायदा मात्र तसाच राहिला. त्याची अंमलबजावणी तर बोअरांपेक्षा चोख झाली.

या कायद्याची शोभा क्रूगर्सडॉर्पच्या एका खटल्यात झाली. खोलवडहून गेलेल्या दादू या व्यापाऱ्याने कंपनी काढली. १५० पैकी १४९ शेअर त्याच्या नावावर, एक दुसऱ्या भारतीयाच्या. कंपनीने गावात प्लॉट घेतले आणि नगरपालिका कोर्टात गेली. १९२० मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की कंपनी भागधारकांपासून वेगळी आहे, सबब ती आशियाई नाही, जमीन तिचीच. कंपनी कायदा शिकवताना हा निकाल अजून दाखवला जातो. व्यापाऱ्याला जो हक्क नव्हता तो त्याच्या कागदी कंपनीला होता! आणि संसदेने १९१९ सालीच कायदा करून ही वाट पुढच्यांसाठी बुजवून टाकली होती. त्याच क्रूगर्सडॉर्पात १९०९ साली जन्मलेला या दादूंचा मुलगा म्हणजे वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातले डॉ. युसूफ दादू. जन्म तिथला, राजकारण तिथले, तुरुंगही तिथलाच. मत देण्याचा अधिकार मात्र कधीच नाही. १९८३ मध्ये लंडनमध्ये परागंदा अवस्थेतच ते वारले. जोहान्सबर्गमधल्या ‘खोलवड हाउस’ या इमारतीत अहमद कथराडा राहत, मंडेलांची तिथे ये-जा असे. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव त्या लढ्याच्या इतिहासात असे कोरले गेले आहे.

मराठी वाचकाला सुरत म्हटले की डिसेंबर १९०७ ची काँग्रेस आठवते, खुर्च्या आणि जोडे आठवतात. २७ डिसेंबरला इथे अधिवेशन उधळले आणि २८ तारखेला जोहान्सबर्गच्या कोर्टात गांधींना ट्रान्सवाल सोडून जाण्याचा हुकूम झाला. सुरतेच्या मंडपात हजर असलेल्या गोखल्यांनी पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या प्रश्नाला वाहून घेतले. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले, प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स यांना भेटले आणि नाताळमधल्या गिरमिट संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होणार असे समजून परतले. सरकारने नंतर हात वर केले, असे वचन दिलेच नाही म्हणून. गोखल्यांसारख्या आकडे आणि कागद जपणाऱ्या माणसालाही तोंडी शब्द उपयोगी पडला नाही. कर गेला तो १९१३ च्या सत्याग्रहानंतर.

केनियातल्या भारतीयांची गोष्ट याहून कडू. स्वातंत्र्यानंतर त्यांच्यापैकी अनेकांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. १९६८ मध्ये ते इंग्लंडकडे निघाले तेव्हा ब्रिटिश संसदेने तीन दिवसांत कायदा करून अट घातली: स्वतःचा, आईबापाचा किंवा आजीआजोबांचा ब्रिटनशी जन्माचा वा नागरिकत्वाचा संबंध दाखवा. पासपोर्ट ब्रिटिश, पण ब्रिटनचे दार बंद. आजोबा मोजण्याची ही युक्ती लंडनने काढली होती, आणि आपण पणजोबा मोजतो.

ओसीआय कार्डाच्या नावात नागरिकत्व आहे, आत ते नाही. मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकारने अधिसूचित केलेल्या कायद्यांचा भंग झाल्यास कार्ड रद्द होऊ शकते. म्हणणे मांडण्याची संधी मिळते, पण ऐकणारे सरकारच. दुहेरी नागरिकत्व द्यावे असे आमचे म्हणणे नाही. त्याचे धोके आहेत. पण जे द्यायचे ते सर्वांना सारख्या मापाने द्यावे. सुरीनामच्या सहाव्या पिढीला जे मिळते ते क्रूगर्सडॉर्पच्या किंवा डर्बनच्या सहाव्या पिढीलाही कायद्यानेच मिळावे. शंभर वर्षांपूर्वीचे कोणते कागद चालतील, याची यादी त्यात असावी, आणि कार्ड रद्द झाल्यास स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील असावे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-अ मध्ये तशी दुरुस्ती करणारे विधेयक केंद्राने आणावे. ते येईपर्यंत सुरत जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी निदान लोकसभेत हा प्रश्न विचारावा.