शुल्क दोन रुपयांचे, खेप दिवसाची

माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ साली अमलात आला. त्याखाली केंद्र शासनाने अर्जासाठी १० रुपये आणि नकलेच्या दर पानास २ रुपये शुल्क ठरविले. महाराष्ट्राच्या २००५ च्या नियमांनीही अर्जाचे शुल्क तेवढेच ठेवले. या रकमा भारी आहेत असे कोणी म्हणणार नाही. अडचण दरात नाही, वसुलीच्या रीतीत आहे.

कायद्याचे कलम ७ पाहावे. माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे. पण त्याने नकलांचे शुल्क मागितले, तर मागणीचे पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरले जाईपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात. ही मागणी अर्ज आल्यापासून किती दिवसांत करावी, याविषयी मात्र कायदा मौन बाळगतो. परिणामी पत्र अठ्ठाविसाव्या दिवशी निघाले तरी कायद्याच्या अक्षराला धक्का लागत नाही, आणि खेड्यातल्या अर्जदाराला जिल्ह्याच्या ठिकाणी आणखी एक खेप घालावी लागते. दोन पानांचे ४ रुपये. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी वेगळीच!

मागणीपत्रात शुल्काचा हिशेब द्यावा, दाद कोठे मागावी ते लिहावे, मुदत टळल्यास माहिती फुकट द्यावी, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीकडून शुल्कच घेऊ नये, हेही त्याच कलमात आहे. एरवी नियमावर बोट ठेवणाऱ्या कचेरीला नेमकी हीच वाक्ये का आठवू नयेत?

उठवळ अर्जांना आळा बसावा म्हणून शुल्क चढे हवे, असा युक्तिवाद केला जातो. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमांत तर अर्जाचे शुल्क ५०० रुपये होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अर्जास सामान्यतः ५० रुपयांहून आणि पानास ५ रुपयांहून अधिक आकारू नये, असे ठरविले. ते योग्यच झाले. माहितीचा धंदा करणाऱ्यास ५०० रुपये जड नसतात. ते जड जातात रेशन दुकानाच्या नोंदी पाहू इच्छिणाऱ्या मजुराला.

शुल्काबाबत नियम करण्याचा अधिकार कलम २७ ने राज्य शासनास दिलेलाच आहे. शुल्काची मागणी अर्ज आल्यापासून सात दिवसांत रवाना व्हावी, एवढी स्पष्ट तरतूद त्यात असावयास हवी. त्यासाठी संसदेकडे जाण्याचे कारण नाही.