मुद्दल राखणारे वन

संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाणाची तयारी सुरू झाली की जळगावकरांना मेहरूणच्या बोरांची आठवण होते. तलावाकाठच्या मेहरूणला हा लौकिक ज्या बोरींनी मिळवून दिला, त्या मात्र शहर वाढले तशा विरळ होत गेल्या. बोर वर्षातून एकदा फळते. तिच्याखालचा भूखंड एकाच व्यवहारात मोठी रक्कम देतो. मालकाने काय निवडावे, हा प्रश्न केवळ भावनेने सुटणारा नाही.

जैन परंपरेत लेश्या समजावताना जांभळाच्या झाडाची कथा सांगतात. सहा वाटसरू भुकेले होते. पहिला म्हणाला, झाड मुळापासून तोडू. दुसऱ्याने मोठ्या फांद्या सुचवल्या, तिसऱ्याने डहाळ्या, चौथ्याने घोस, पाचव्याने केवळ पिकलेली फळे. सहाव्याला खाली पडलेली फळेच पुरेशी वाटली. भूक सर्वांची सारखी होती. भेद परिणामांचा होता. श्रावकाला वर्ज्य पंधरा कर्मादानांत वनकर्म येते, त्यामागेही हीच दृष्टी आहे. वनक्षेत्रातील खरी नवकल्पना म्हणजे पहिल्या वाटसरूला सहाव्याच्या जागी आणणारी व्यवस्था होय.

अशी व्यवस्था खानदेशातच उभी राहिली आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याभोवतीचे डोंगर 1990 च्या सुमारास उघडे पडले होते आणि पाण्यासाठी वणवण होती. एम.कॉम. झालेले चैत्राम पवार गावातच राहिले. ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, नियम मोडणाऱ्यास दंड ठरवला, राखण स्वतःकडे घेतली आणि उतारावर चर खणून पाणी जिरवले. आज तेथे चारशे हेक्टरांहून अधिक वन उभे आहे. तेथील वनभाज्यांच्या पाककला स्पर्धेत स्त्रिया रानभाज्या रांधून मांडतात; त्यांच्या ज्ञानाला मान मिळतो आणि रान राखण्याचे कारण घराघरांत पोहोचते. 2025 साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. मुद्दल न मोडता व्याजावर घर चालवण्याचा हा हिशेब वाणिज्याच्या पदवीधरास सहज उमगला असावा.

मेहरूणमधील प्रश्न खासगी जमिनीचा आहे. म्हणून तेथील उपाय वेगळा हवा. भूखंडांची आखणी करताना सोडावयाची खुली जागा जुन्या बोरी असतील तेथेच ठेवता येईल. फळे वेचण्याचा हक्क कराराने एखाद्या गरजू कुटुंबास दिला, तर झाडाला राखणदार आपोआप लाभेल. जमीन व बांधकामाच्या व्यवसायात असलेल्या समाजबांधवांना हे करण्यास वेगळे भांडवल लागणार नाही.

बोराची गणना तुच्छ फळांत करणारी अनेक घरे ते ताटात घेत नाहीत. तो त्यांचा नियम आदरणीयच आहे. पण त्याग फळाचा आहे, वृक्षाचा नव्हे. जे खावयाचे नाही तेही राखणे, यात अहिंसेची कसोटी अधिक आहे.